क्वार्टरबॅक बदलला तर पासिंग सुधारेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: लेक अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका मोठ्या विद्यापीठात शिकते, तिच्यामुळे तुम्हालाही शनिवारच्या कॉलेज फुटबॉलची (अमेरिकन फुटबॉलची) चटक लागली. यंदा दुसऱ्या कॉलेजातून ट्रान्स्फर होऊन आलेला क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) तिथे खोऱ्याने यार्ड काढत होता, इथे आल्यापासून चाचपडतोय. स्टेडियममध्ये त्याच्या नावाने शिमगा चालू आहे. बॅकअपला, म्हणजे राखीव क्वार्टरबॅकला, उतरवलं तर फरक पडेल का?

मी काही वर्षं एका कॉलेज टीमच्या ऑफेन्सच्या (बॉल पुढे नेणाऱ्या अकरा जणांच्या) फिल्मवर काम केलं. प्रत्येक प्लेचं, म्हणजे एकेका चालीचं, चित्रण कापायचं, अकराही जणांना गुण द्यायचे आणि रविवारी कोचच्या मीटिंगआधी ती ग्रेडशीट तयार ठेवायची. आता हायस्कूलमधल्या क्वार्टरबॅकना शिकवतो. तुमच्या टीमची फिल्म मी पाहिलेली नाही, त्यामुळे त्या पोराचा निकाल इथे लावणार नाही. मात्र असा प्रश्न आला की मी पोराच्या हाताकडे सगळ्यात शेवटी बघतो. आधी दोनच गोष्टी विचारतो: बॉल सोडायच्या क्षणी त्याच्याकडे वेळ होता का? आणि फेकायला जागा होती का? पासिंग अडलेल्या बहुतेक टीममध्ये या दोहोंपैकी एक गोष्ट नसते, आणि दोन्ही दुखण्यांवरचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. निदान चुकलं की आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

आधी आकडे बघू, कारण तुमचा युक्तिवाद तिथूनच सुरू होतो: ‘पासिंग दोनशे यार्डांच्या आतबाहेर, आणि रनिंगही यथातथाच.’ कॉलेजच्या आकडेवारीत एक गंमत आहे. क्वार्टरबॅक पास फेकायला मागे गेला आणि सॅक झाला, म्हणजे बॉल सोडायच्या आत पाडला गेला, तर एनएफएलमध्ये (व्यावसायिक लीगमध्ये) ते गमावलेले यार्ड टीमच्या पासिंगमधून वजा होतात. कॉलेजमध्ये ते रनिंगमधून वजा होतात. चार सॅकमध्ये २८ यार्ड गेले तर कागदावर धावण्याचा खेळ २८ यार्डांनी खराब दिसतो आणि पासिंगला ओरखडाही उठत नाही. म्हणजे तुमचं रनिंग दिसतं तेवढं वाईट नसेल, पण पासिंग मात्र दिसतं त्याहून वाईट असेल. ३० पासमध्ये २०० यार्ड, म्हणजे पासमागे साडेसहाच्या वर, ठीकठाक वाटतं. त्यातच ते चार सॅक धरा: ३४ प्रयत्नांत १७२ यार्ड, जेमतेम पाच. मी हा दुसरा हिशेब करतो.

दर सामन्यामागचे पासिंग यार्ड तर मी बघतच नाही. मागे पडलेली टीम चौथ्या क्वार्टरमध्ये फेकतच सुटते, पुढे असलेला डिफेन्स तिला छोटे पास खुशाल देतो, आणि यार्डांचा ढीग पडतो. उलट आर्मी आणि नेव्ही (सैन्य आणि नौदल अकादमींच्या टीम) ऑप्शन नावाची धावण्यावर बेतलेली पद्धत खेळतात, त्यांचे पास बोटावर मोजण्याइतके, तेही ठरवून. तो आकडा बघून कुणी त्यांचं पासिंग ‘अडलंय’ म्हटलं तर कोच हसतील.

आता वेळेकडे येऊ. टीव्हीवर पास म्हणजे हाताची करामत वाटते. प्रत्यक्षात तो पायांवर चालतो. प्रत्येक पास प्लेमध्ये क्वार्टरबॅकने किती पावलं मागे जायचं ते ठरलेलं असतं आणि रिसीव्हरने (पास झेलणाऱ्याने) किती यार्डांवर वळायचं तेही ठरलेलं असतं. मागचा पाय रोवला, की बॉल निघाला पाहिजे, आणि त्या वेळी रिसीव्हर बहुधा वळलेलाही नसतो. कव्हरवरचा चांगला फील्डर यष्टिरक्षक स्टंपपाशी पोचायची वाट बघत नाही, थ्रो आधीच सोडतो, तसंच हे. झटपट पासला दोन सेकंदांच्या आत बॉल हातातून सुटतो, मध्यम पल्ल्याला अडीच सेकंदांच्या आसपास, आणि तीनच्या पुढे गेलात की ऑफेन्सिव्ह लाइनला (क्वार्टरबॅकच्या पुढे उभं राहून अडवणाऱ्या पाच जणांना) दोष देण्याचा हक्क हळूहळू संपतो.

एक प्ले सांगतो, आमच्याच टीमचा. थर्ड अँड एट, म्हणजे दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चारपैकी तिसरा प्रयत्न आणि आठ यार्ड बाकी. आतल्या रिसीव्हरने १२ यार्डांवर मधल्या बाजूला वळायचं होतं. समोरचा माणूस अंगावर आला म्हणून त्याने आणखी दोन यार्ड खाल्ले आणि १४ वर वळला. क्वार्टरबॅकचा मागचा पाय रोवला गेला, त्याने बघितलं, रिसीव्हर अजून पाठमोराच. म्हणून त्याने एक छोटी उडी घेतली, पुन्हा पाय जुळवले. डावीकडच्या टॅकलने (लाइनच्या टोकाच्या माणसाने) ज्याला बाहेरून व्यवस्थित वळसा घालायला लावला होता, तोच माणूस तेवढ्या अर्ध्या सेकंदात त्याच्या मागून आत शिरला. सॅक. समालोचक म्हणाले, टॅकल हरला. प्रेक्षकांनी क्वार्टरबॅकला शिव्या घातल्या, बॉल धरून बसला म्हणून. आमच्या ग्रेडशीटवर टॅकलला प्लस होता, क्वार्टरबॅकला प्लस होता, मायनस एकट्या रिसीव्हरला. त्याचं नावसुद्धा त्या रात्री कुणी घेतलं नाही, कारण टीव्हीच्या चौकटीत तो दिसतच नव्हता.

हा टीव्हीचा दोष लक्षात ठेवा. प्रक्षेपणाचा कॅमेरा बॉलमागे असतो. कोच बघतात त्या फिल्ममध्ये सगळे २२ जण एकाच चौकटीत असतात, एकदा बाजूने आणि एकदा गोलपोस्टच्या मागून. घरी सोफ्यावर बसून क्वार्टरबॅकच दोषी वाटणं स्वाभाविक आहे, चौकटीत तेवढा एकच असतो.

प्रोटेक्शनबद्दल, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवण्याबद्दल, दुसरा गैरसमज असा, की सॅक म्हणजे कुणीतरी लाइनमन ढकलला गेला. ढकलला जातोच कधीकधी. पण कॉलेज पातळीवर मला फिल्मवर जास्त दिसायचा तो सुटा माणूस, ज्याला कुणी हातच लावलेला नाही. स्नॅपआधी (बॉल मागे देऊन प्ले सुरू होण्याआधी) सेंटर, म्हणजे लाइनच्या मधला माणूस, किंवा क्वार्टरबॅक एका लाइनबॅकरकडे (डिफेन्सच्या दुसऱ्या फळीतल्या माणसाकडे) बोट दाखवून ‘माईक’ ओरडतो. तिथून मोजायला सुरुवात होते: कोणी कोणाला घ्यायचं, लाइनने कुठल्या बाजूला सरकायचं, रनिंग बॅकच्या (बॉल घेऊन धावणाऱ्याच्या) वाट्याला कोण. ते बोट चुकलं की पाचही जण आपापलं काम चोख करतात आणि सहावा सरळ आत येतो. पाच जण अडवणारे आणि सहा जण येणारे असतील, तर तो सहावा क्वार्टरबॅकच्याच खात्यावर: तो पोचायच्या आत बॉल ‘हॉट’ रिसीव्हरकडे, म्हणजे अशा वेळी झटपट पास घ्यायला नेमलेल्याकडे, गेला पाहिजे. आणि आता डिफेन्सवाले शहाणे झालेत. सहा जण लाइनवर येऊन उभे राहतात, प्रत्यक्षात चारच येतात, आणि मागे सरकलेल्या दोघांपैकी एक नेमका त्या हॉट पासच्या वाटेत जाऊन थांबतो. बॉल थेट त्याच्या छातीवर. स्टँडमधून आवाज येतो, ‘हा आंधळा आहे का?’ आंधळा नव्हता. फसवला गेला.

तुमचा क्वार्टरबॅक ट्रान्स्फर आहे हे इथे महत्त्वाचं. २०२१ पासून पहिल्या बदलीला एक वर्ष बाहेर बसावं लागत नाही, २०२४ मध्ये वारंवार बदल करण्यावरची बंधनंही गेली. लाइनवरचे पाच जण तीन-चार वेगवेगळ्या कॉलेजांतून आलेले, प्रत्येकाकडे एकाच हालचालीला वेगळं नाव, असं चित्र आता सर्रास दिसतं. मिळणारा सराव बघा: वसंतात १५ सत्रं, आणि हंगामात नियमाने आठवड्याला २० तास, त्यात फिल्म आणि मीटिंगही आल्या. यांनी एकमेकांशी वेळ जुळवायला शिकायचं कधी? ऑक्टोबर उजाडेपर्यंत पासिंग अडखळलं तर मी घाबरत नाही. नोव्हेंबरमध्येही तीच चूक दिसली तर मात्र कोचकडे बघतो.

जागेच्या दुखण्याला माझ्या मते मिसिसिपी स्टेटच्या २०२० च्या हंगामासारखं दुसरं उदाहरण नाही, आणि त्यातही क्वार्टरबॅक ट्रान्स्फरच होता. माइक लीच नव्यानेच कोच म्हणून आलेले. त्यांची एअर रेड पद्धत म्हणजे पास, पास आणि पुन्हा पास. स्टॅनफर्डहून आलेल्या के. जे. कॉस्टेलोने पहिल्याच सामन्यात आदल्या हंगामाच्या विजेत्या एलएसयूला (लुइझियाना स्टेटला) त्यांच्याच मैदानावर ४४-३४ हरवलं. ६० पास, ३६ पूर्ण, ६२३ यार्ड, एसईसी कॉन्फरन्सचा (हे दोन्ही संघ ज्या गटात खेळतात त्याचा) विक्रम. एलएसयू सामनाभर माणसाला माणूस लावून खेळत राहिलं, आणि त्यांचा सर्वोत्तम कॉर्नर (रिसीव्हरवर पहारा देणारा) डेरेक स्टिंगली त्या दिवशी आजारी होता.

पुढच्याच आठवड्यात आर्कन्सॉ आलं, जे एसईसीतले सलग २० सामने हरलेलं होतं. त्यांनी ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जादा माणसं सोडणं) जवळपास बंदच केला. तीन जण पुढे, आठ जण मागे. मिसिसिपी स्टेट २१-१४ हरलं, कॉस्टेलोचे तीन पास पळवले गेले. त्यानंतर केंटकीविरुद्ध २४-२. तिथे कॉस्टेलो आणि पहिल्या वर्षाचा विल रॉजर्स या दोघांचे मिळून सहा पास डिफेन्सच्या हातात गेले, आणि टीमचे ते दोन गुण सेफ्टीचे होते (समोरची टीम स्वतःच्याच टोकाच्या पट्ट्यात अडकली की मिळतात ते), ऑफेन्सची कमाई शून्य.

दोन आठवड्यांत कुणाचा हात बिघडत नाही. गणित बदललं होतं. पास घेऊ शकणारे पाच रिसीव्हर, त्यांच्यावर आठ डोकी. तीन माणसांना अडवायला पाच लाइनमन, म्हणजे वेळ हवा तेवढा, पण तो वेळ खर्च करायला जागाच नाही. अशा वेळी क्वार्टरबॅकला वाटतं, थांबू, कुणीतरी सुटेल. कुणी सुटत नाही, मग तो घुसवायला जातो. याला दोनच औषधं. एक, पुढे माणसं कमी आहेत तर धावा. लीच यांना ते फारसं मानवत नसे. दुसरं, पाच-सहा यार्डांचे पास न कंटाळता घेत राहायचे, रनिंग बॅकला बॉल द्यायचा आणि त्याला पळू द्यायचं. त्याच पद्धतीत, तसलेच डिफेन्स समोर असताना, रॉजर्सने २०२१ मध्ये ७३ टक्क्यांहून जास्त पास पूर्ण केले. तोवर तो आणि त्याचे रिसीव्हर एकमेकांची चाल ओळखायला लागले होते.

तेव्हा तुमच्या पोराला मागच्या कॉलेजात कसले डिफेन्स भेटत होते, हेही बघा. तिथे त्याला माणसाला माणूस मिळत असेल आणि इथे आठ जण मागे बसत असतील, तर तो तोच आहे, परीक्षा वेगळी आहे.

वेळ आणि जागा दोन्ही एकदम खाणारी एक गोष्ट आहे, आणि ती पासच्या आधी घडते: पहिला डाऊन, म्हणजे पहिला प्रयत्न. पहिल्यावर धावून एक यार्ड मिळाला, दुसऱ्यावर तीन, की थर्ड अँड सिक्स आला. आता स्टेडियममधल्या शेंगदाणे विकणाऱ्यालाही ठाऊक असतं की पास येणार. डिफेन्स क्वार्टरबॅकवर धावून जाणारे आपले सगळ्यात चपळ रशर आत आणतो, धावण्याचा बनाव करून फेकण्याची सोय संपते, लाइनबॅकर सरळ मागे जाऊन बसतात. थर्ड डाऊनवरची पासिंगची टक्केवारी घेऊन लोक क्वार्टरबॅकला झोडपतात, पण मी आधी विचारतो, थर्ड डाऊनला सरासरी किती यार्ड उरलेले होते?

आयोवाचा २०२३ चा हंगाम बघा. तिथेही ट्रान्स्फर: केड मॅकनमारा, ज्याने २०२१ मध्ये मिशिगनला बिग टेन कॉन्फरन्सचं विजेतेपद आणि प्लेऑफ मिळवून दिलं होतं. ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (ऑफेन्सचे प्ले ठरवणारे कोच) ब्रायन फेरेन्झ यांच्या करारात सामन्याला सरासरी २५ गुणांची अट घातलेली, त्याची देशभर चेष्टा झाली. टीम २५ च्या आसपासही पोचली नाही. सप्टेंबरच्या अखेरीस मॅकनमाराचा गुडघा गेला. त्याच्या जागी आलेल्या डीकन हिलचे निम्म्याहून कमी पास पूर्ण झाले. बघणाऱ्याला वाटेल, झालं, क्वार्टरबॅकच मुळावर आला. पण त्याच हंगामात ल्यूक लॅची आणि एरिक ऑल हे दोघेही टाइट एंड (लाइनच्या टोकाला राहून अडवणारे आणि पासही झेलणारे) जायबंदी होऊन बाहेर गेले, आणि आयोवाचं पासिंग वर्षानुवर्षं टाइट एंडच्याच जिवावर चालत आलंय. बाहेरच्या रिसीव्हरना घाबरायचं कारण उरलं नाही, तेव्हा डिफेन्सने माणसं पुढे आणून धावणंही दाबलं. पहिला डाऊन गेला, म्हणून तिसरा गेला.

तरी ते १० सामने जिंकले! डिफेन्स जबरदस्त, आणि पंटर (बॉल लाथेने दूर मारून समोरच्यांना देणारा) टोरी टेलर, ज्याला त्या वर्षी सर्वोत्तम पंटरचा रे गाय पुरस्कार मिळाला. पंटरवर प्रेक्षक जीव टाकतात हे दृश्य मी तरी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. जोखीम न घेता जिंकता येतं म्हटल्यावर कोचही पासची जोखीम घेत नाहीत, हा त्यातला दुसरा धडा. तुमच्या टीमचा डिफेन्स चांगला असेल तर हाही भाग तपासा. कधीकधी पासिंग अडलेलं नसतं, आवळून धरलेलं असतं.

कॉलेजपुरती एक खास अडचण सांगतो, कारण एनएफएल बघून आलेल्या मंडळींना ती खुपते. मैदानाची रुंदी दोन्हीकडे सारखीच, १६० फूट. पण मधल्या हॅश मार्कच्या (प्ले सुरू करायला बॉल ज्यांच्यावर किंवा ज्यांच्यामध्ये ठेवतात त्या खुणांच्या) दोन ओळी एनएफएलमध्ये साडेअठरा फूट अंतरावर, कॉलेजमध्ये ४०. बॉल डाव्या हॅशवर असेल तर उजवी बाजूरेषा ३३ यार्डांहून लांब पडते. आता त्या बाजूला १२ यार्डांचा आऊट (रिसीव्हर १२ यार्डांवर बाजूरेषेकडे वळतो तो पास) फेका. क्वार्टरबॅक लाइनच्या सात यार्ड मागे, रिसीव्हर रेषेच्या जरासा आत: बॉल हवेत सुमारे ३६ यार्ड जातो, मिळतात १२, आणि तेवढ्या वेळात कॉर्नर आरामात पोचतो. एनएफएलसारखा हात असलेले थोडेच, म्हणून शहाणे कोच हा पास लांबच्या बाजूला मागतच नाहीत. तुमचे कोच मागत असतील तर दोष हाताचा धरू नका.

आणखी एक बारकावा. २०२४ पासून या पातळीवर क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये रेडिओ आहे, पण प्ले क्लॉकवर (पुढचा प्ले सुरू करायच्या घड्याळावर) १५ सेकंद उरले की तो बंद होतो. हुशार डिफेन्स आपला खरा पवित्रा त्यानंतरच दाखवतो. मग पोरगा एकटा.

एवढं वाचून ‘आम्ही बघायचं काय?’ असं विचाराल. पुढच्या वेळी लेकीकडे जाल तेव्हा पन्नास यार्डावरचं महागडं तिकीट घेऊ नका. एंड झोनच्या (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्याच्या) मागे, होता होईल तेवढं उंच बसा. स्नॅपआधी मागे सेफ्टी (डिफेन्सचा सगळ्यात मागचा रखवालदार) एक आहे की दोन ते बघा. स्नॅप झाला की बॉलकडे न बघता पुढे किती आले ते मोजा, आणि मनात सेकंद मोजा. तीन-चारच आले, तीन सेकंदांच्या वर गेले आणि तरी बॉल हातातच, तर जागेचं दुखणं आहे, किंवा सुटलेला रिसीव्हर त्याला दिसत नाही. तितकेच येऊन दोन सेकंदांत पॉकेट (लाइनने क्वार्टरबॅकभोवती केलेलं कडं) कोसळलं, तर लाइन. सहा आले आणि एक मोकळाच पोचला, तर मोजणी. एका सामन्यावरून काही ठरवू नका. तीन वेगळ्या धाटणीच्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध तेच दिसलं तर ते खरं.

आता बॅकअप. फिल्मवर वेळ आहे, रिसीव्हर सुटलेला आहे, आणि तरीही बॉल उशिरा किंवा भलतीकडे जातोय, हे आठवड्यामागून आठवडे दिसत असेल तर बदलावं, त्यात भावनेचा प्रश्न नाही. दुसरं कारण मला त्याहून पटतं: बॅकअप पळणारा असेल तर. क्वार्टरबॅक नुसता उभा राहत असेल तर धावण्याच्या प्लेमध्ये डिफेन्सकडे एक माणूस फुकट असतो. क्वार्टरबॅक पळू लागला की तो माणूस त्याच्यासाठी राखून ठेवावा लागतो, पहिल्या डाऊनवर एकाऐवजी चार यार्ड मिळतात, आणि पुढचे पास आपोआप सोपे होतात. त्याचा हात जुन्यापेक्षा कमी असला तरी चालून जातं.

तो पळणारा आहे की नाही, ते तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल, तर लाइन तीच, रिसीव्हर तेच, प्लेही तेच. तरीही पहिल्या सामन्यात तो चमकेल बहुधा, कारण समोरच्यांकडे त्याची फिल्मच नसते. त्यावर हुरळून जाऊ नका. तिसऱ्या सामन्यात काय होतं ते बघा आणि मग मला पुन्हा विचारा. येताना थर्ड डाऊनला सरासरी किती यार्ड उरत होते, तेवढा आकडा घेऊन या.